विश्लेषण : जबड्याची शस्त्रक्रिया पुन्हा करायची वेळ आली, तर विमा मिळतो का?

पहिल्या शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षे झालेली असतात. पुढचे दात पुन्हा मिटेनासे होतात, घास एकाच बाजूने चावावा लागतो, सकाळी कानाजवळचा सांधा दुखतो. डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात, ‘पुन्हा करावी लागेल.’ मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. पुन्हा तेच सोसायचे का, आणि या वेळी पैसे कोण देणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर आणि रुग्ण मिळून देतात. दुसऱ्याचे उत्तर बहुतेकदा दाखल होण्याआधीच्या कागदांवर ठरते. ते कागद कोणते, हे समजून घेऊ.

सोनगीरहून हा प्रश्न कसा दिसतो?

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला, सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतचे गाव. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही त्याची ओळख. भांड्याला पोचा आला तर तांबट तो पुन्हा ठोकून काढतो. जबड्याच्या हाडाचे तसे होत नाही. एकदा कापून जोडलेले हाड दुसऱ्यांदा कापताना आधीचे व्रण, जुन्या पट्ट्या आणि बदललेली रचना या सगळ्यांचा हिशेब करावा लागतो.

समजा, या गावातल्या एका तरुणाचा २०२२ मध्ये महामार्गावर दुचाकी अपघात झाला. जबडा दोन ठिकाणी मोडला, धुळ्यात पट्ट्या बसवल्या. हाड जुळले, पण किंचित वाकडे जुळले. दातांवर दात बसेनात. जून २०२४ मध्ये घरच्यांनी आरोग्य विमा घेतला आणि आता डॉक्टरांनी जबडा पुन्हा कापून सरळ करायचा सल्ला दिला आहे. हे उदाहरण काल्पनिक आहे. पण त्यात पुढे येणारी प्रत्येक अडचण खरी आहे.

ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते?

वरचा जबडा सुधारताना तो नाकाच्या तळाजवळ आडवा कापून पुढे, मागे किंवा वर-खाली सरकवतात. या छेदाला ‘ली फोर्ट-१’ म्हणतात. चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात हे १९०१ मध्ये मांडणारे फ्रेंच शल्यचिकित्सक रेने ली फोर्ट यांच्यावरून हे नाव पडले. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून सरकवण्याची पद्धत ह्यूगो ओबवेगेसर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. सरकवलेले हाड टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्के करतात. काम बहुतेक तोंडाच्या आतूनच होते. त्यामुळे बाहेरून व्रण फारसा दिसत नाही. मात्र हाच फायदा पुढे विम्यात तोट्याचा ठरू शकतो. बाहेर व्रण नाही, म्हणजे आत मोठे काम झालेले नाही, असा समज सहज होतो.

पुन्हा करण्याची वेळ का येते?

कारणे वेगवेगळी असतात आणि कारण कोणते, यावरच विम्याचे उत्तर बदलते.

- हाड हळूहळू जुन्या जागी सरकते. मोठे अंतर सरकवलेल्या जबड्यात हे अधिक दिसते. दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांत जुन्या व्रणांची ओढ वरच्या जबड्याला मागे खेचते.
- वाढ पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया झालेली असते. खालचा जबडा मुलांमध्ये विशीच्या आसपासपर्यंत वाढू शकतो.
- कानाजवळच्या सांध्याचे हाड झिजते आणि जबडा मागे जातो.
- पट्टी सैल होते, तिला जंतुसंसर्ग होतो किंवा हाड जुळतच नाही.
- अपघातात मोडलेले हाड चुकीच्या स्थितीत जुळते.
- लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाच्या संसर्गाने सांधा गोठलेला असतो. तो सोडवल्यावर तोंड उघडण्याचा व्यायाम थांबला, तर सांधा पुन्हा गोठतो.

यातल्या प्रत्येकासाठी मोठी शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. काहींचे काम तारा लावून भागते, काहींची केवळ पट्टी काढावी लागते. म्हणून पहिली पायरी म्हणजे दुसरे मत. त्यासाठी दंत महाविद्यालयातला मुख व जबडा शल्यचिकित्सा विभाग हे योग्य ठिकाण आहे. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. डॉक्टरांना एकच प्रश्न स्पष्ट विचारावा : पहिल्या वेळी जे बिघडले, ते या वेळी बिघडू नये म्हणून वेगळे काय करणार?

शरीराची तयारी कशी करावी?

जुने कागद : पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणी, डिस्चार्ज कार्ड, त्या वेळचे एक्स-रे आणि बसवलेल्या पट्ट्यांचे स्टिकर मिळवा. पट्टी कोणत्या कंपनीची, स्क्रू कोणत्या मापाचे, हे आधी कळले तर ती काढायला योग्य हत्यार तयार ठेवता येते. रुग्णाला स्वतःच्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क आहे.

तपासण्या : जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, बाजूने काढलेला एक्स-रे, दातांचे साचे किंवा डिजिटल स्कॅन, रक्ताच्या तपासण्या. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल, तर झोपेची तपासणी. तोंड कमी उघडत असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट आधीच घ्यावी. नळी नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागू शकते.

तंबाखू : गुटखा, विडी, मशेरी यांपैकी काहीही सुरू असेल, तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करावे लागते. निकोटीनमुळे रक्तपुरवठा घटतो आणि हाड जुळायला वेळ लागतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा आधीच नाजूक असतो. ही सवय डॉक्टरांपासून लपवणे म्हणजे तिसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी.

बधिरपणा : खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. दुसऱ्या वेळी तिला इजा होण्याचा धोका वाढतो. आताच बधिरपणा असेल तर त्याची लेखी नोंद करून घ्यावी.

आहार : पहिले काही दिवस पातळ, नंतर साधारण सहा आठवडे मऊ खाणे. वरणाचे पाणी, ताक, मिक्सरमधून काढलेली खिचडी, दादर ज्वारीची पातळ आंबील, दुधात कुस्करलेली केळी ही खान्देशातल्या घरात सहज मिळणारी सोय आहे. भाकरी, शेव आणि तिखट रस्सा या काळात बाजूला ठेवावा. दात रबराने किंवा तारेने बांधले असतील, तर उलटी झाल्यास काय आणि कुठे कापायचे हे घरातल्या एका माणसाने डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. कात्री रुग्णाच्या उशाशी असावी.

विमा कंपनी कोणत्या शब्दांवर अडते?

असे दावे मुख्यतः तीन शब्दांवर अडतात.

पहिला शब्द ‘सौंदर्य’. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात चेहरा-मोहरा बदलणारी शस्त्रक्रिया वगळली आहे. पण त्याच वाक्यात अपवादही आहेत. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना त्यातून वगळता येत नाही. आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचा उपचारही त्या अटीत बसत नाही, मात्र ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. सोनगीरच्या आपल्या उदाहरणात अपघात आहे. त्यामुळे २०२२ चा पोलिसांचा किंवा रुग्णालयाचा अपघाताचा कागद आजही लाखमोलाचा आहे.

दुसरा शब्द ‘दंत’. विम्याच्या व्याख्येत दात आणि दातांना आधार देणाऱ्या रचनांवरचे उपचार म्हणजे दंतोपचार. अनेक पॉलिसींमध्ये ते अपघाताव्यतिरिक्त मिळत नाहीत. जबड्याचे हाड हा त्या ‘आधार देणाऱ्या रचनां’त ओढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जबड्याची वाढ व चाव्यातील दोष ‘के०७’ या संकेतांकाखाली, तोंडाच्या आजारांच्या गटात येतात. मोडलेले हाड चुकीचे जुळणे मात्र हाडांच्या गटात, ‘एम८४’खाली येते. खरे निदान दुसरे असेल, तर कागदावर पहिले लिहिले जाऊ नये. २०२० पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी आजार वा इजेमुळे गरजेचे ठरलेले दंतोपचार आणि प्लास्टिक सर्जरी मान्य करते. तिच्यात ५ टक्के खर्च रुग्णाने सोसायचा असतो.

तिसरा शब्द ‘आधीचा आजार’. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान, सल्ला किंवा उपचार झाला, तो आधीचा आजार. २०२४ च्या नियमांनुसार त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. आपल्या उदाहरणात अपघात २०२२ चा, पॉलिसी जून २०२४ ची. म्हणजे पॉलिसीत पूर्ण ३६ महिन्यांची अट असेल, तर ती जून २०२७ मध्ये संपेल. शस्त्रक्रियेआधी दातांना तारा लावून जागा तयार करायला अनेकदा वर्षभर जातेच. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने ही दोन्ही वेळापत्रके जुळवता येतात. मात्र संसर्ग, श्वासाचा त्रास किंवा खाणेच बंद झालेले असेल, तर विम्याच्या तारखेसाठी थांबू नये.

जन्मतः असलेल्या, बाहेरून दिसणाऱ्या व्यंगाला अनेक पॉलिसी वगळतात. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या रुग्णांनी ही ओळ आधी शोधावी.

अर्जात खरे लिहिले तर पॉलिसीच मिळणार नाही, या भीतीने पहिली शस्त्रक्रिया लपवणारे अनेक असतात. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज कंपनीला तिच्यावर हरकत घेता येत नाही. पण त्याआधी लपवाछपवी उघड झाली, तर दावाही जातो आणि पॉलिसीही. एक्स-रेमध्ये टायटॅनियमची पट्टी लख्ख दिसते. ती लपत नाही.

डॉक्टरांच्या पत्रात काय हवे?

‘चेहऱ्याची ठेवण सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली आहे,’ एवढेच वाक्य असेल तर दावा फेटाळायला कंपनीला फार विचार करावा लागत नाही. तेच डॉक्टर, तोच रुग्ण, पण पत्रात पुढील गोष्टी असतील तर चित्र बदलते :

- तोंड किती मिलिमीटर उघडते. पुढच्या दातांत किती फट राहते. किती दात एकमेकांना टेकतात.
- चावणे, गिळणे, बोलणे, श्वास, झोप, सांधेदुखी यांपैकी काय बिघडले आहे आणि केव्हापासून. वजन घटले असल्यास किती.
- पहिली शस्त्रक्रिया केव्हा, कशासाठी झाली आणि ती अपुरी ठरण्याचे कारण.
- तारा, स्प्लिंट, व्यायाम, औषधे असे कोणते उपाय करून पाहिले आणि ते का पुरले नाहीत.
- शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल.
- दाखल राहण्याचे दिवस आणि संपूर्ण भूल लागण्याचे कारण.

यात एकही शब्द खोटा असता कामा नये. रुग्णाचा त्रास जसा आहे तसा मोजून लिहायचा, एवढेच. आणि शस्त्रक्रिया खरोखरच केवळ चेहऱ्यासाठी हवी असेल, तर तसे स्वतःला कबूल करावे. ती इच्छा गैर नाही, पण तो खर्च विम्याचा नाही.

पॉलिसीतल्या कोणत्या ओळी आधी वाचाव्यात?

रुग्णालय : दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गाव-शहरात नोंदणीकृत नसलेल्या ठिकाणाला ‘रुग्णालय’ ठरण्यासाठी किमान १० खाटा, २४ तास परिचारिका व डॉक्टर, स्वतःचे शस्त्रक्रियागृह असे निकष पूर्ण करावे लागतात. दातांचा मोठा दवाखाना यात बसेलच असे नाही.

डॉक्टर : विम्यातील डॉक्टरांच्या प्रमाणित व्याख्येत वैद्यकीय परिषदांचा उल्लेख आहे, दंत परिषदेचा नाही. जबड्याचे बहुतेक शल्यचिकित्सक मात्र दंतशास्त्राच्या पदव्युत्तर शाखेतून आलेले असतात. म्हणून कंपनीकडून आधीच लेखी खुलासा घ्यावा. भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा फिजिशियन यांचे मतही फाइलला जोडावे.

खोलीभाडे : समजा मर्यादा रोज ५,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. मग शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांचे बिल १,००,००० रुपये असेल, तर प्रमाणानुसार ६२,५०० रुपयेच मिळू शकतात. बाकीचे ३७,५०० रुपये खिशातून. औषधे, तपासण्या आणि बसवलेल्या पट्ट्या यांना ही कपात लावता येत नाही. बिलात त्या वेगळ्या दाखवून घ्या.

आधीचा-नंतरचा खर्च : अनेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरले जातात. त्या काळातली प्रत्येक पावती जपा. दातांच्या तारा बाह्यरुग्ण उपचारात मोडतात. त्यांचा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो.

कंपनीची गटविमा पॉलिसी : पुणे, नाशिक किंवा सुरतेला नोकरी करणाऱ्या मुलाच्या गटविम्यात आधीच्या आजाराची अट अनेकदा शिथिल असते. नोकरी सोडण्याआधीच ती वैयक्तिक पॉलिसीत रूपांतरित करण्याचा अर्ज द्यावा. त्यामुळे काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही.

ठरवलेल्या शस्त्रक्रियेसाठी कॅशलेसची विनंती किमान ४८ तास आधी पाठवावी. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला, असे नव्हे. पैसे भरून नंतर परतावा मागता येतो.

विमाच नसेल तर?

राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यात धुळे होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना ती खुली आहे. आधीचा आजार येथे आड येत नाही. पण उपचार योजनेच्या यादीत हवा आणि रुग्णालय संलग्न हवे. मोडलेला जबडा जोडणे आणि गोठलेला सांधा सोडवणे हे जबडा शल्यचिकित्सेच्या गटातले उपचार आहेत. तुमच्या शस्त्रक्रियेचे नाव व संकेतांक यादीत आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी तपासा. मदत क्रमांक १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दुभंगलेले ओठ-टाळू राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतात. शाळा-अंगणवाडी तपासणी पथकाकडे नोंद करावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याचे बंधन आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात सुरू असेल, तर पुढील शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज तेथे वकिलामार्फत दाखल करता येतो.

दावा नाकारला तर काय करावे?

तोंडी उत्तर स्वीकारू नका. कोणत्या अटीखाली नाकारले, हे कंपनीने लेखी कळवायचे असते आणि तसा निर्णय कंपनीच्या दावा आढावा समितीच्या मंजुरीशिवाय घ्यायचा नसतो. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. धुळे जिल्ह्यासाठी पुणे कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे मुदत दोन वर्षांची.

नियमांत काय बदलायला हवे?

मांडीचे हाड वाकडे जुळले आणि माणूस लंगडू लागला, तर ते पुन्हा सरळ करण्याला कोणी सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणत नाही. जबड्याचे हाड मात्र चेहऱ्यात असल्याने संशयाच्या भोवऱ्यात सापडते. याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणे न्याय्य नाही. विमा नियामकाने तीन गोष्टी कराव्यात : जबड्याच्या सुधारणा शस्त्रक्रियेसाठी कार्यक्षमतेचे मोजता येणारे निकष ठरवून द्यावेत, डॉक्टरांच्या व्याख्येत दंत परिषदेकडे नोंदणी असलेले जबडा शल्यचिकित्सक स्पष्टपणे घ्यावेत, आणि पहिली शस्त्रक्रिया मान्य झालेल्या रुग्णाच्या फेरशस्त्रक्रियेला नव्याने ‘गरज’ सिद्ध करायला लावू नये. राज्य सरकारने आपल्या योजनेतील जबड्याच्या उपचारांची यादी मराठीत, साध्या नावांनी, प्रत्येक संलग्न रुग्णालयाच्या भिंतीवर लावावी.

तोवर रुग्णाच्या हाती आहे ती फाइल. जुना डिस्चार्ज, अपघाताचा कागद, मोजमापांसह डॉक्टरांचे पत्र आणि पॉलिसीची संपूर्ण प्रत, हे चार कागद आजच एका पिशवीत ठेवा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या. दाखल होण्याची तारीख त्यानंतर ठरवा.